रोहण्याच्या जिनिंगमधला मेल

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो.
दुकान आर्वीत आहे, पण अर्धा दिवस मोटरसायकलवरच जातो,
मागच्या सीटला सुतळीने बांधलेला एखादा मॉनिटर.
परवा रोहण्याच्या जिनिंगमधून फोन आला : मेल उघडत नाही.

सीपीयूचं झाकण काढलं तर आत पावभर रुई,
पंख्याभोवती गुंडाळून छान पेळू झालेली.
वैरागडेबाबू शेजारी उभे, काखेत वजनवही.
"मशीनले काई झालं नाई, मिस्त्री.
तुमी मांगच्या खेपेले जे बसवलं, ते काढा."

मागच्या खेपेला मला त्यांची कीव आली होती.
त्यांचा जुना प्रोग्राम म्हणजे एक खिडकी,
डावीकडे नावं, उजवीकडे मजकूर.
वाचायचं, उत्तर द्यायचं, छापून फायलीला टाचायचं.
बस.
मी नवा दिला, ज्याला काहीही जोडता येतं :
तारखांची वही वेगळी, पत्त्यांची वेगळी,
नको ते गाळणारी गाळणी तिसऱ्याच कुणाची तरी,
कुलूप आणखी चौथ्याचं.
"तिफनीसारखं समजा," मी म्हणालो होतो,
"चाडं निराळं, नळ्या निराळ्या, फण निराळे.
मधली नळी बुजवा, तिथे तूर टोबा.
मोडलं तेवढंच बदला."
ते म्हणाले होते,
"मले वखर पायजे."

मी हसलो होतो.

मग थंडीत एका रात्री प्रोग्राम आपला आपण नवा झाला
आणि गाळणीने त्याच्याशी अबोला धरला.
तिचा बनवणारा कुठल्या देशात, कुणाला ठाऊक,
त्याने ते काम केव्हाच सोडलेलं.
जाता जाता तिने कोइमतूरच्या गिरणीचं पत्र
खणातल्या खणात, 'इतर' नावाच्या कप्प्यात टाकलं.
अकरा दिवस ते तिथे पडून.
शंभर गाठी दुसऱ्या जिनिंगच्या गेल्या.
हे बाबूंनी नाही सांगितलं,
गाठी बांधणाऱ्या सुखदेवने सांगितलं, चहाच्या टपरीवर,
माझ्याकडे न बघता.

जुना परत घातला.
बाबूंनी खुर्ची ओढली, चष्मा चढवला.
"आता दिसते."
पहिलंच पत्र उघडलं, पुलगावच्या मास्तरांचं,
सरकीच्या ढेपेबद्दल असावं :
??????? ???, ???? ????? ??.
वर ते खाली, मराठीचं एक अक्षर नाही.
मी गप्प. हे मला माहीत असायला हवं होतं.
बाबूंनी शांतपणे फोन लावला.
"मास्तर, पत्र भेटलं तुमचं. बोला, का लिवलं?"

सहा वर्षं ते हेच करत होते.
मराठीत पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला फोन.
लोकांना वाटायचं, बाबूंची रीत आहे,
मायेचा माणूस, पत्र आलं की विचारपूस करतो.

माझ्या पिशवीत एक छोटा तुकडा होता,
प्रश्नचिन्हांची अक्षरं करणारा.
"एवढा एकच जोडतो."
"त्याले आनखी काई लागन का?"
"नाही."
"आन उद्या?"
बाहेर प्रेस दणाणत होती.
मी उत्तर दिलं नाही,
तिच्या आवाजात ते ऐकू गेलं नसतं असं मनाशी ठरवून टाकलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"बसवा," म्हणाले. "फोन तं मी करीनच."

परत येताना धुऱ्यावर बाभळीला टेकवलेला वखर दिसला.
पास काढून नेलेली, लोहाराकडे गेली असणार धार लावायला,
नुसता दांडा आणि जानकुळं उभी.
म्हणजे वखरही एकजीव नसतोच.
त्या दिवशी त्यांच्यापुढे हे सुचलं असतं
तर मी जिंकलो असतो.
बरं झालं, नाही सुचलं.
मागे मॉनिटर हलत होता. गाडी थांबवून
सुतळीची एक गाठ आणखी मारली.